खारजाईचा डावा खांदा

पेण,
१६ एप्रिल १९९४

प्रिय शकू,

पाकिटाची जाडी बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. तुझे वडील ठणठणीत आहेत, तुझी आई नेहमीसारखीच अर्ध्या आवाजात बोलते आहे, आणि मंगळवारच्या डोंगरानंतर माझ्या गुडघ्यानं असहकार पुकारला आहे, इतकंच. खरं तर टेबलावर एक कोरं आंतरदेशीय पत्र पडलं आहे. ते कुठून आलं ते शेवटी सांगते. पण मला जे लिहायचं आहे ते त्या निळ्या घड्यांत मावणारं नाही, म्हणून फुलस्केप कागद घेऊन बसले. समोरच्या कारखान्यात साच्यातून काढलेले गणपती ओटीवर वाळत ठेवलेत. अजून एकालाही डोळे काढलेले नाहीत, त्यामुळे मी काय लिहिते ते कोणी वाचत नाही. या गल्लीत एवढा एकांत दुसरीकडे मिळायचा नाही.

दिवाळीत तू धामणमाळहून निघालीस आणि पुण्याला त्या बायकांच्या वसतिगृहात राहून नोकरी करायला लागलीस. इथे मात्र ‘शकू सासर सोडून आली’ हे वाक्य कोणी उच्चारत नाही. इथलं वाक्य असं आहे की शकू पुण्याला असते, तिला कानाचं दुखणं आहे ना. जणू पुण्याची हवा कानाला मानवते. त्यावर समोरचा माणूस मान हलवतो आणि विचारतो, मग धामणमाळला परत कधी? तर त्याचं उत्तर आता ठरलं आहे. अक्षय्य तृतीयेला. तुझे सासरे हैबतराव गाडी घेऊन येणार, तुझी ओटी भरणार आणि तुला घेऊन जाणार. तुझ्या वतीनं तुझ्या वडिलांनी होकार दिला आहे. तुला हे कोणी कळवलं आहे की नाही, मला ठाऊक नाही. नसेल तर आता कळलं. हा होकार कुठे आणि कसा तयार झाला ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि खारजाईच्या डोंगरावर गेल्याशिवाय मला ते सांगता येणार नाही.

निवृत्त होऊन पेणला आल्यापासून मी त्या डोंगरावर गेले नव्हते. यंदा कमळाकर, म्हणजे तुझे तीर्थरूप, स्वतः बोलवायला आला. हैबतरावांनी मुद्दाम निरोप धाडलाय, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आहेत ते, माहेरच्या माणसांत आता तूच सगळ्यांत वडील, तुझा मान मोठा, वगैरे. माझा धाकटा भाऊ मला मान द्यायला लागला की मी सावध होते. तरी गेले. एक तर खारदेवळीची माझी लहानपणची मैत्रीण गिरजाबाई भेटेल म्हणून. आणि दुसरं, हैबतरावांना तुझ्याबद्दल काय बोलायचं आहे ते माझ्या पाठीमागे बोलण्यापेक्षा माझ्या तोंडावर बोललेलं बरं.

खारजाईची गोष्ट तू लहानपणी ऐकली आहेस. तरी पुन्हा सांगते, कारण ती आता बदलायला काढली आहे आणि कुणाच्या तरी हातचा जुना कागद असावा. खारजाई आपल्या खारदेवळीची, मिठागरावरची पोर. डोंगरापलीकडे धामणमाळला भाताच्या घरात दिली. सासूनं तिच्या ताटात मीठ वाढायचं बंद केलं. मिठागरावरच्या पोरीनं जन्माचं मीठ आधीच खाल्लंय, म्हणे. नवरा समोर बसून जेवत राहिला. एक दिवस ती अळणी ताट तसंच ठेवून उठली आणि माहेरी निघाली. पण खाडीला उधाणाची भरती, बांधावरून पाणी, वाट बंद. मागे फिरायचं मनात नाही आणि पुढे पाऊल टाकता येत नाही, म्हणून ती डोंगर चढली. वर जाऊन बसली ती खाडीकडे तोंड करून आणि धामणमाळकडे पाठ करून. दुसऱ्या दिवशी माहेराहून भाऊ मीठ घेऊन आला आणि सासरहून नवरा पालखी घेऊन आला. मीठ तिनं ठेवून घेतलं. पालखी रिकामी परत पाठवली.

तेव्हापासून दर चैत्रात धामणमाळची माणसं रिकामी पालखी घेऊन चढतात आणि घरी चल म्हणून कौल लावतात. देवीच्या दोन्ही खांद्यांवर चाफ्याची एकेक पाकळी ओल्या तांदळाच्या पिठानं चिकटवायची. उजवी सासरच्या पुरुषानं, डावी माहेरच्या बाईनं. उजवी आधी पडली तर ती घरी यायला तयार, डावी पडली तर नाही. आजवर डावीच पडत आली आहे. मग पालखी रिकामी खाली जाते, अळणी शिजवलेल्या नैवेद्यात माहेरचं मीठ पडतं, सगळे एका पंगतीला जेवतात, आणि धामणमाळचे पुरुष दर वर्षी असं तोंड करतात की ही बातमी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. तू शाळेतही जात नव्हतीस तेव्हा माझं बोट धरून वर आली होतीस. मला विचारलंस, आत्या, ती इतकी वर्षं मागे वळून बघत नाही, तिची मान दुखत नसेल? मी हसले होते. पुढे तुलाही धामणमाळलाच दिली. लग्नाच्या पंगतीत हैबतराव म्हणाले, खारदेवळीची एक तरी पोर आमच्याकडे टिकू दे. तेव्हाही सगळे हसले.

डोंगर तसाच आहे. खाली ऐन आणि साग, मध्ये करवंदीच्या जाळ्या, वर नुसता तापलेला कातळ. करवंदं अजून हिरवी आहेत, तरी पोरांनी ओरबाडून अर्ध्या जाळ्या मोकळ्या केल्यात. कमळाकर माझ्या पुढे दोन पावलं चालत होता आणि दर वळणावर थांबून, ताई सावकाश, म्हणत होता, म्हणजे स्वतः दम घेत होता. पायथ्याशी मात्र नवा संगमरवरी फलक लावला आहे. त्यावर खारजाईची ‘श्री क्षीरजाई’ झाली आहे. मिठागर नाही, सासू नाही, अळणी ताट नाही. ही क्षीरजाई पतीच्या दीर्घायुष्यासाठी डोंगरावर तप करायला गेली, आणि तप पुरं झालं की ती आनंदानं सासरी परतणार आहे, असं तिथे सोनेरी अक्षरांत खोदलं आहे. हे आनंदानं कोणाला सांगितलं तिनं, याचा खुलासा फलकावर नाही. खुलासा मला नागोठण्याच्या एसटीतच मिळाला होता. कमिटीला रोह्याच्या रस्त्यालगत मोठं देऊळ बांधायचं आहे. सभामंडप, गाड्या लावायला जागा, लग्नाचा हॉल. म्हाताऱ्या माणसांना चढवत नाही, हे कारण. माझ्याकडे बघून ते मला दोनदा सांगण्यात आलं. पण देवी खाली आणायची तर कौल हवा, आणि देवी काही हो म्हणत नव्हती.

इथे थोडं माझं सांगते, म्हणजे पुढे मी काय केलं ते तुला परक्याकडून कळल्यावर आश्चर्य वाटायला नको. आमचे वडील मिठागराच्या कचेरीत कारकून होते. तिथल्या साहेबाच्या बायकोच्या हट्टानं मी नन्सच्या बोर्डिंगात गेले. सुट्टीत खारदेवळीला आले की गिरजा माझ्या पांढऱ्या मोज्यांना हात लावून बघायची आणि मला विचारायची की पायाला काय लागलंय. सिस्टर आम्हाला एक नियम शिकवायच्या. खोटं बोलायचं असेल तर जागेवर उभं राहून, मोठ्यांदा, सगळ्या वर्गासमोर बोला. त्यामुळे मला खोटं बोलायची सवय कधी लागली नाही, आणि दुसऱ्याचं खोटं उभं करायची मात्र लागली. पुढे सगळं आयुष्य मुंबईच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढलं. माणूस कोणत्या कानानं ऐकतो आहे हे मला पलीकडच्या आवाजावरून कळतं. संक्रांतीला तू बूथवरून फोन केलास. तोवर तुझं कानाचं दुखणं हा मला घरच्यांनी काढलेला बहाणा वाटत होता. तू दोनदा ‘काय?’ म्हणालीस, मग रिसीव्हर बदलल्याची खरखर आली, आणि मग तुला माझं सगळं ऐकू आलं. शकू, तू डावखुरी आहेस. जन्मभर तू रिसीव्हर डाव्या कानाला लावत आली आहेस. मी फोनवर काही विचारलं नाही आणि तूही काही बोलली नाहीस, तिळगुळाचंच बोलत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या आईला विचारलं. तिनं बराच वेळ परातीतले गहू निवडले आणि परातीलाच सांगितलं, मोरूचा हात जरा चालतो.

असो. वर पोचलो तेव्हा देवळामागून धूर येत होता. नैवेद्याचा म्हणावा तर वास भलताच. नवी सागवानी पालखी चढवताना तिचा एक सांधा निखळला होता, आणि सुतार तीन दगडांवर डबा ठेवून सरस तापवत बसला होता. हाडं आणि कातडी उकळून करतात तो सरस. आपल्या गल्लीच्या टोकाला सुताराचं दुकान आहे, त्यामुळे तो वास मी रोज दुपारी जेवणाबरोबर खाते. पालखीजवळ तुझा नवरा मोरू उभा होता. मला बघून वाकला, पाया पडला. मी आशीर्वाद दिला नाही. त्याला तो न मिळाल्याचं कळलं की नाही, देव जाणे.

दाराशी छातीला बिल्ले लावलेली पोरं होती. त्यांनी गिरजाला अडवलं होतं. खारदेवळीच्या बायका वडखळपर्यंत टेंपोनं आणि तिथून एसटीनं, डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन आल्या होत्या. त्यांना सांगण्यात आलं की मीठ बाहेर ठेवा, नैवेद्यात दुकानातल्या पुडीचं घातलंय, ते स्वच्छ असतं. गिरजा माझ्याएवढीच, पण आवाज अजून बांधावरून पलीकडच्या बांधावर जाईल असा. ती त्या पोराला म्हणाली, “मीठ पुडीतला आनलास, मग तुजा मामा पन पुडीतूनच आनला का रं?” बायका खिदळल्या, पोरगं लाल झालं, पण पाट्या बाहेरच राहिल्या.

मग हैबतरावांनी माईक हातात घेतला. जत्रेला शिस्त लावायची आहे, गर्दी वाढते आहे, म्हणून यंदापासून दोन्ही पाकळ्या विठू गुरव लावील. विठूनं पाकळ्या लावल्या, आमच्याकडे पाठ करून. तो बाजूला होतो न होतो, घंटेचा एक टोला पडतो न पडतो, तोच उजवी पाकळी खाली. गुलाल उधळला, ढोल सुरू झाले, देवी घरी निघाली म्हणून माणसं रडायला लागली. त्यांची रड खरी होती, ते मी नाकारत नाही. गिरजानं मात्र खाडीकडे बघितलं. तिच्याकडची गोष्ट अशी आहे की ज्या वर्षी खारजाई डोंगर सोडील त्या वर्षी खाडी बांध सोडील. खारदेवळीच्या बायका ढोलाच्या आवाजात दाराबाहेर उभ्या होत्या आणि त्यांच्या पाट्यांवर गुलाल पडत होता.

मला गुडघ्यामुळे गाभाऱ्याच्या उंबऱ्याशीच खुर्ची दिली होती. ती मानाची खुर्ची हैबतरावांना महाग पडली. माझी नजर डाव्या खांद्यावर. चाफ्याची पाकळी उन्हाच्या झळीत कोमेजते, तिच्या कडा वळतात. हिच्या वळल्या. ढोलानं दगडी भिंती हादरत होत्या, समयांची ज्योत हलत होती, पण पाकळी हलेना. मी उठले आणि आत गेले. मागून हैबतरावांचा माईकवरचा आवाज आला, “ताई कॉन्व्हेंटात शिकलेल्या. त्यांना कौल काय कळायचा?” लोक हसले. मी नखानं पाकळीची कड उचलली. पाकळी फाटली, पण सुटली नाही, आणि नखात तपकिरी गोळी आली. वास घेतला. बाहेर येऊन माईकसमोर उभी राहिले. तीस वर्षं नंबर लावून देणाऱ्या बाईला माईक कसा धरायचा ते शिकवावं लागत नाही.

“कौल कळत नसेल, सरस कळतो,” मी म्हणाले. “हाडांचा सरस लावलाय तुम्ही देवीच्या अंगाला.”

ढोल एकेक करून थांबले. विठूला मी विचारलं, तर तो जमिनीकडे बघून म्हणाला, अध्यक्ष सांगतील ते करायचं, बाय, आमचं काय. सुतार आपला डबा घेऊन देवळाच्या कोपऱ्याआड झाला. आणि आता गंमत ऐक. फसवणुकीचं कोणालाही काही वाटलं नाही. हाडांचं वाटलं. धामणमाळचेच म्हातारे संतापले, देवी बाटवली म्हणून. मला चालतं. जे दार उघडं असेल त्यातून मी आत शिरते. देवीला पाणी घातलं, कोमट पाण्यानं तो खांदा चोळून काढला, आणि कौल पुन्हा लावायचा ठरला, जुन्या रीतीनं. उजवी पाकळी हैबतरावांनी स्वतः लावली. पीठ इतकं कमी घेतलं की ती धरली कशी याचंच मला नवल वाटलं. डावी गिरजानं. मग सगळे बसून राहिलो. एक तान्हं रडायला लागलं, त्याला तिथेच पदराआड घेतलं. आणि डावी पाकळी पडली. देवीच्या पायाशी नाही, पार उंबऱ्यापर्यंत घसरत आली. बायकांनी पाट्या उचलल्या त्या कोणाला न विचारता आत नेल्या.

गोष्ट इथे संपायची. पण हैबतराव हरलेलं तोंड घेऊन खाली उतरणारे नव्हेत. पालखीच्या दांड्याला हात लावत ते हसून म्हणाले, देवी नाही तर नाही, निदान आमची सूनबाई तरी येते आहे अक्षय्य तृतीयेला, कानाचं दुखणं बरं झालं म्हणतात. लोकांना हायसं वाटलं, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कमळाकरनं हात जोडले. मोरूनं मान खाली घातली, लाजल्यासारखी. आणि शकू, माझ्या हातात माईक अजून होता.

“दुखणं म्हणू नका,” मी म्हणाले. “मोरूनं तिच्या कानाखाली मारली. पडदा फाटला. तिला त्या कानानं ऐकू येत नाही.”

एवढंच बोलले. माईक खुर्चीवर ठेवला आणि खाली उतरायला लागले. मागे कोण काय म्हणालं ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं. तुझ्या परवानगीशिवाय तुझी गोष्ट मी भरल्या जत्रेत सांगितली. त्याबद्दल तुला माझा राग आला तर तो तुझा हक्क आहे, आणि येशील तेव्हा माझ्याशी भांड. पण तू आजारी आहेस ही थाप आणखी एक दिवस ऐकायची माझी तयारी नव्हती.

उतरताना गिरजानं मला गाठलं. माझा दंड धरून करवंदीच्या जाळ्यांपर्यंत मला उतरवलं. मग मी म्हटलं, बघितलंस, देवीनं खरं केलं. तर ती हसायला लागली. इतकी हसली की तिला कातळावर बसावं लागलं. मग तिनं मला आपलं बोट दाखवलं. डावी पाकळी लावायच्या आधी माहेरची बाई बोटाला बारीक मीठ लावून घेते. पिठाखाली मीठ गेलं की पीठ धरत नाही, सुकलं की सुटतं. तिच्या सासूनं तिला शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. दर वर्षी. आजवर. नुकतंच मी सरसावरून अख्ख्या कमिटीची शोभा केली होती, आणि इथे माझीच मैत्रीण पिढ्यान्‌पिढ्यांची लबाडी बोटावर घेऊन बसली होती. मी तिला तसं म्हणाले. तिला जराही लाज वाटली नाही.

“तिला बोलता येत नाय गो चंदू,” ती म्हणाली, “म्हनून आमी बोलतो. बोलता आला असता तर मीठ कशाला लावला असता?”

एसटीत खिडकीशी बसून मी पेणपर्यंत ह्याचाच विचार केला. सरस धरून ठेवतो आणि मीठ सोडवतं, एवढा फरक मला मान्य आहे, आणि कोणी विचारलं तर मी मिठाच्या बाजूनं आहे हेही सांगीन. पण दोन्ही बोटं दुसऱ्यांचीच. ती बिचारी दगडाची, तिला इलाज नाही. मी घरी आले, चपला काढल्या, आणि मला प्रथमच स्वतःचाही राग आला, कारण माईक धरला तेव्हा माझंही बोट तुझ्याच खांद्यावर होतं.

तर आता ते आंतरदेशीय पत्र. वर पोचायच्या आधी, अर्ध्या वाटेवरच्या उंबराखाली हैबतराव आमची वाट बघत बसले होते. कोकमाचं सरबत झालं. मग कमळाकरनं खिशातून हे निळं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. वर तुझा पत्ता त्याच्या अक्षरात आधीच लिहिलेला. म्हणाला, ताई, शकू आमचं ऐकायची नाही, तुझं ऐकते, तू चार ओळी लिही की झालं गेलं विसरून जा आणि सासरी ये. म्हणजे तिचाही होकार आला. मान कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. मी त्या दोघांना म्हणाले, लिहिते. दिलेला शब्द मी पाळते. हे ते पत्र. जा असं मी यात लिहिलेलं नाही. जाऊ नकोस असंही लिहीत नाही, जरी ते लिहायला माझा हात शिवशिवतो आहे. कमळाकर मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाही, पण अक्षय्य तृतीया कायम आहे असा निरोप त्यानं पाठवला आहे. मी उलट निरोप धाडला आहे की गाडी त्याच्या नाही, माझ्या दाराशी आणा, आणि होकार असो की नकार, तो शकू स्वतः सांगेल. तू आदल्या दिवशी ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे, तिथे हवं तितकं राहा, पनवेलच्या कानाच्या डॉक्टरांची वेळही मी घेऊन ठेवली आहे. गिरजानं तुझ्यासाठी मूठभर मीठ दिलं आहे. पोस्टात पाणी सुटेल म्हणून पाठवत नाही, आल्यावर घे. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत ते सगळे समोर बसतील, तू मधल्या खुर्चीवर बस आणि तुझ्या मनात असेल ते तुझ्या तोंडानं बोल. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही, आणि मला हे किती जड जाणार आहे ते तुला ठाऊक आहे. मी फक्त तुझ्या उजव्या बाजूला बसेन, म्हणजे त्यांच्यातलं कोणी पुटपुटलं तर ते तुला मोठ्यांदा पुन्हा सांगता येईल.

एक शब्दही न खोडता,

तुझीच
चंदाआत्या